औषधाविना बाळंतपण: सोबत थांबणाऱ्याने नेमकं करायचं काय?

प्रसूती भरात आली की दहा मिनिटांत साधारण तीन-चार कळा येतात. एकेक कळ पाऊण ते एक मिनिटाची. म्हणजे दहातली फार तर चार मिनिटं कळांची आणि उरलेली सहा तरी बिनकळांची. औषधाविना, म्हणजे दुखणं मारणारं औषध न घेता, बाळंत होऊ पाहणाऱ्या बाईसोबत जे कोणी थांबणार आहे, नवरा, आई, बहीण किंवा मैत्रीण, त्याचं बहुतेक काम या सहा मिनिटांत असतं. कळ थांबवणं कुणाच्याच हातात नाही. मधली विश्रांती राखणं मात्र सोबत्याच्या हातात असतं, आणि नेमकी तीच वाया जाते. कुणी फोन पुढे करतं, कुणी ट्यूबलाइट लावतं, कुणी "आता कसं वाटतंय?" विचारतं, आणि तिने डोळे मिटेपर्यंत पुढची कळ दारात उभी असते.

हा विषय आताच एवढा का निघतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणं सीझरने झाल्याचं दिसलं. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के. खासगीत जवळजवळ दोनातलं एक. ठाण्या-नवी मुंबईत बहुतेक मध्यमवर्गीय बाळंतपणं खासगीत होतात, त्यामुळे सातव्या महिन्यातल्या जोडप्याला "नॅचरल बर्थ", "बर्थ सेंटर", "डुला" (बाळंतपणात सोबत करणारी प्रशिक्षित बाई) हे शब्द रीलमधून आधी कळतात आणि अर्थ नंतर. घरात तोवर दोन तट पडलेले असतात.

बर्थ सेंटर म्हणजे हॉस्पिटलच ना?

नाही. बिनजोखमीच्या बाळंतपणासाठीची ती छोटी जागा असते. खोली, पलंग, बाथरूम, बहुधा पाण्याचा टब. कळांच्या काळात सोबत असते ती प्रशिक्षित मिडवाइफ, आणि लागेल तेव्हा डॉक्टर. मिडवाइफ म्हणजे अनुभवावर शिकलेली जुनी सुईण नव्हे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी नर्सना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण सांगितलेलं आहे. सेंटरमध्ये ऑपरेशन थिएटर नसतं, भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून एपिड्यूरलही नसतं. (एपिड्यूरल म्हणजे कमरेत मणक्यापाशी बारीक नळी घालून खालचं दुखणं बधिर करणारं औषध.) काही सेंटरं हॉस्पिटलच्याच आवारात असतात. तिथे या सोयी एका मजल्याच्या अंतरावर असतात, स्वतंत्र सेंटरपासून त्या एका प्रवासावर. हा फरक मोठा आहे.

इथे सगळ्यांना प्रवेश नसतो, आणि नसावाच. एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, बीपी आणि साखर आटोक्यात, रक्त कमी नाही, वार पिशवीच्या तोंडावर नाही, आधी सीझर नाही, एवढं जुळलं तरच. "आमच्याकडे कुणालाही चालतं" असं सांगणाऱ्या सेंटरच्या पायऱ्या तिथूनच उतराव्यात. आणि ही पात्रता नवव्या महिन्यातही जाऊ शकते. ३८ व्या आठवड्यात बीपी १४०/९० ला पोहोचलं, तर बेत बदलायचा.

शरीरात चाललेलं असतं तरी काय?

गर्भपिशवीचं तोंड नऊ महिने जाड आणि बंद असतं. ते आधी पातळ व्हावं लागतं, मग उघडावं लागतं, दहा सेंटिमीटरपर्यंत. उंच गळ्याचा स्वेटर डोक्यावरून घालताना गळा आधी आखूड होतो आणि मग ताणला जातो, तसंच. प्रत्येक कळ पिशवीचं तोंड थोडं वर ओढते आणि बाळाचं डोकं खाली रेटते. "दोनच बोटं उघडलंय" हे ऐकून घरचे हिरमुसतात, पण तोवर तोंड पूर्ण पातळ झालेलं असेल तर पहिलटकरणीचं अर्धं काम झालेलं असतं.

पाच सेंटिमीटरपर्यंतचा टप्पा सुरुवातीचा. तो काही तासांचा असेल किंवा दीड दिवसाचाही; जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मुदत घातलेलीच नाही. पाचनंतरचा टप्पा भराचा. तो पहिल्या खेपेला बहुधा बारा तासांच्या आत आणि पुढच्या खेपांना दहाच्या आत संपतो. "तासाला एक सेंटिमीटर" हा जुना दंडक संघटनेने २०१८ मध्ये बाजूला ठेवला, कारण नीट चाललेली बरीच बाळंतपणं त्या गतीने जात नाहीत. त्यानंतर येतो जोर लावण्याचा टप्पा, पहिल्या खेपेला तीन तासांपर्यंतचा. शेवटी वार पडते.

कळा आणणारं संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. भीती, थंडी किंवा अनोळखी माणसांची ये-जा यांनी शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि सुरुवातीच्या टप्प्यात कळा मंदावतात. घरी छान चाललेल्या कळा रिसेप्शनवर फॉर्म भरताना थंडावतात, त्या यामुळेच. अंधूक उजेड आणि बंद दार हे चोचले नव्हेत.

दुसरी गोष्ट दुखण्याबद्दलची. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्श, दाब आणि ऊब यांचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की ते वेदनेच्या संदेशांची वाट काही अंशी अडवतात. कोपर आपटलं की आपण ते चोळतो, ते यासाठीच. मात्र एकाच जागी तसाच हात अर्धा तास फिरला, तर शरीर त्याची दखल घेणं सोडतं. म्हणून वीस-तीस मिनिटांनी उपाय बदलायचा, आधीचा चांगला वाटत असला तरी.

नवऱ्याचं तिथे काय काम?

हा प्रश्न सासूबाईंचाच असतो असं नाही. लेबर रूमच्या दारावरही तो ऐकू येतो. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतल्या २६ चाचण्या आणि पंधरा हजारांहून अधिक बायकांची माहिती होती. कळांच्या काळात सतत कुणी सोबत असेल तर सीझरची आणि वेदनाशामक औषधांची गरज कमी पडते आणि प्रसूतीही थोडी लवकर होते, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक बाईला तिच्या पसंतीचा सोबती मिळावा म्हणते. आपल्या सरकारी दवाखान्यांसाठीच्या "लक्ष्य" कार्यक्रमातही (२०१७) बाळंतपणातल्या सोबतीची तरतूद आहे.

यातला कळीचा शब्द "पसंतीचा". पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आई हाताशी असते, आणि पुष्कळदा आईच हवी असते. चक्कर येणारा नवरा आत असण्यापेक्षा चार बाळंतपणं पाहिलेली मावशी बरी. दोघं असतील तर पाळी लावावी: दोन तास एक, दोन तास दुसरा. आणि खोलीबाहेर तिसरा एक माणूस फक्त फोनसाठी. "झालं का?"च्या मेसेजना उत्तर देणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, ते आतल्याने करू नये.

निघायचं कधी?

औषधाविना बेत फिसकटण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे फार लवकर निघणं. रात्री अकराला पहिली कळ आली म्हणून सगळं घर जागं राहतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, जेव्हा खरं काम सुरू होतं, तेव्हा तिच्या अंगात त्राण नसतं. रात्री कळा सुरू झाल्या तर झोपायचं. तिनेही आणि सोबत्यानेही. झोप येत नसेल तर आडवं पडायचं, कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. मऊ भात, शिरा, केळं, खजूर असं तिला रुचेल ते खायला द्यायचं.

कळांमधलं अंतर मोजतात ते एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. एक संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोजलं तर आकडा चुकतो आणि सिस्टरही गोंधळते. अर्धा तास मोजा, लिहा, फोन बाजूला ठेवा. पहिल्या खेपेला चार-पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या कळा तासभर येत असतील आणि कळेत तिला बोलता येत नसेल, तर निघायचं. दुसरी खेप असेल तर इतकं थांबू नये. सात-आठ मिनिटांवर आल्या की मिडवाइफला फोन.

यात इथले रस्ते धरावे लागतात. घोडबंदर रोडला राहणाऱ्याने कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंत यायला रविवारी सकाळी लागणारा वेळ गृहीत धरू नये. ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे जायचं असो की ठाणे-बेलापूर रोडने वाशीला, नवव्या महिन्यात तोच रस्ता सकाळी नऊला, संध्याकाळी सातला आणि मध्यरात्री, अवजड गाड्या सुटल्यावर, एकेकदा करून पाहावा. पावसाळ्यात तारीख असेल तर दुसरा रस्ताही ठरवावा. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की सखल भाग तुंबतात. गाडीत ती मागच्या सीटवर, पट्टा पोटाखालून घेऊन. खाली प्लास्टिक आणि वर जाड टॉवेल, शिवाय उलटीसाठी पिशवी. कळ आली म्हणून चालकाने वेग वाढवायचा नाही. कळेत खड्डा फार लागतो.

पाणी गेलं तर तीन गोष्टी लिहून ठेवा: वेळ, रंग, वास. फिकट, पाण्यासारखं असेल तर ठीक, मिडवाइफला कळवा. हिरवट किंवा तपकिरी म्हणजे बाळाने आतच शी केलीय, कळांची वाट न पाहता निघा. पाण्याबरोबर नाळ बाहेर आली किंवा हाताला लागली, तर तिला गुडघ्यांवर, छाती जमिनीला टेकवून आणि कंबर उंच ठेवून बसवा आणि १०८ लावा. नाळ आत ढकलायला जाऊ नका. हे दुर्मीळ आहे, पण तेव्हा मिनिटं मोजावी लागतात.

हात कुठे ठेवायचे?

कंबर दाबणं सगळेच करतात, आणि बहुतेक जण चुकीच्या जागी. बेंबीच्या रेषेत, मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे फिरवून फारसं काही होत नाही. जागा खाली आहे: नितंबांची फट सुरू होते त्याच्या वर, तळहाताएवढं चपटं हाड लागतं, तिथे. बाळाचं डोकं आतून त्या हाडावर दाबतं, म्हणून कळ "कंबरेतून" येते. तळहाताचा मनगटाकडचा भाग तिथे ठेवायचा, कोपर सरळ ठेवायचं आणि अंगाचा भार टाकायचा. नुसत्या मनगटाने दाबाल तर वीस मिनिटांत हात भरून येईल. दाब किती, हे तिला विचारायचं. बहुतेकींना तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट लागतो. कळ चढायला लागली की दाब सुरू, उतरली की हळूहळू कमी. एकदम सोडला तर झटका बसतो.

दुसरी रीत दोन्ही बाजूंनी दाबण्याची. ती पलंगाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या पाठीवर पुढे वाकलेली, तुम्ही मागे. दोन्ही तळहात नितंबांच्या मांसल भागावर, बोटं वरच्या बाजूला, कंबरेच्या टोकदार हाडांच्या बरेच खाली. मग दोन्ही हात आत आणि किंचित वर, एकमेकांकडे रेटायचे. हाडावरच दाबलं तर ती ओरडेल, आणि बरोबरच ओरडेल. हे सातव्या महिन्यापासून घरी, कळा नसताना करून पाहा. ऐन वेळी यूट्यूब उघडायला फुरसत नसते.

चोळायचं असेल तर तेल किंवा टाल्कम पावडर हवी. कोरड्या हाताने तीन तास चोळलेली कातडी सोलवटते.

ऊब हा यादीतला सर्वांत स्वस्त उपाय. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर नको, मधे पंचा हवा. घरी असाल तर बाथरूममध्ये प्लास्टिकचं बुटकं स्टूल, खाली रबरी मॅट, तिचं तोंड भिंतीकडे आणि मागून तुम्ही मगाने कंबरेवर पाणी ओतायचं, कळ असेपर्यंत सलग. शॉवरपेक्षा हे आपल्याकडे जास्त चालतं, कारण पंधरा लिटरचा गीझर शॉवरखाली बघता बघता संपतो आणि थंड पाण्याचा फटका नेमका कळेत बसतो. सोसायटीचं पाणी किती वाजता जातं, हेही लक्षात असू द्या.

सेंटरमधल्या टबात पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. आईचं अंग तापलं की बाळाचे ठोके वाढतात. थर्मामीटर हवाच, कोपर बुडवून अंदाज घेणं पुरेसं नाही. टब भरायला वेळ लागतो, त्यामुळे "आता हवा" म्हटल्यावर नळ सोडून उपयोग नसतो. कळा भरात यायच्या आधी टबात बसलं तर त्या सैलावू शकतात, म्हणून मिडवाइफ थांबवते.

जागा बदलत राहणं हेही औषधच. उताणं झोपणं सर्वांत वाईट: पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि बाळाला खाली उतरायला चढ लागतो. चालणं, गळ्यात हात टाकून लोंबणं, व्यायामाच्या मोठ्या हवेच्या चेंडूवर बसून कंबर फिरवणं, कळा कंबरेतून असतील तर हात-गुडघ्यांवर राहणं, दमली की कुशीवर. चेंडू साधारण पाच फूट तीन इंचांपर्यंतच्या बाईला ५५ सेंटिमीटरचा आणि त्याहून उंच असेल तर ६५ चा. बसल्यावर गुडघे कंबरेच्या थोडे खाली हवेत. गुळगुळीत लादीवर चेंडू घसरतो, खाली योगा मॅट घाला.

आणि लघवी. दर दोन तासांनी तिला उठवून न्यायचं, लागली नसली तरी. भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं, आणि कळांच्या गदारोळात ती भावना तिला कळतच नाही. अडलेली प्रसूती कधी कधी एवढ्याने पुढे सरकते. प्रत्येक कळेनंतर पेल्यातली वाकडी स्ट्रॉ तोंडाशी धरायची, बोलायचं नाही. प्यायची तर पिईल. नारळपाणी, मीठ-साखरेचं लिंबूपाणी, पेज. नुसतं साधं पाणी लिटरवारी पाजू नये, रक्तातलं सोडियम उतरतं.

तुपाचा विषय इथेच उरकू. नवव्या महिन्यात तूप ओतल्याने बाळ "सटकन" येत नाही. तूप जातं आतड्यात, बाळ येतं दुसऱ्या वाटेने. एरंडेल तर देऊच नये. जुलाब लागून ती सुरुवातीलाच गळून जाते.

काय बोलायचं, काय नाही?

कळ चालू असताना काहीच नाही. कळ गेल्यावर हो-नाहीत उत्तर देता येईल एवढंच: "कुशीवर?" "पाणी?" लांब प्रश्नाचं उत्तर द्यायला मेंदूचा जो भाग जागा करावा लागतो, त्याला थोडं झोपू देणंच बरं.

तिचे खांदे कानांकडे गेलेत का, जबडा आवळलाय का, मुठी वळल्यात का, ते पाहत राहा. तिथे नुसता हात ठेवला तरी पुष्कळदा सैल होतं. "रिलॅक्स हो" हा हुकूम कधीच उपयोगी पडत नाही. आवाज काढू द्या. खालच्या पट्टीतला "ओ…" किंवा "आ…" चांगला. किंचाळी वर चढली की मान आवळली जाते, तेव्हा तुम्हीच तिच्या कानाशी खालच्या सुरात आवाज लावा. विचित्र वाटेल, पण चालतं. बोटांना, ओठांना मुंग्या येऊ लागल्या तर श्वास फार भरभर होतोय. शिकवत बसू नका. तुमचा श्वास तिला ऐकू येईल असा संथ सोडा. आत घेण्यापेक्षा बाहेर लांब. ती मागोमाग येते.

वडापाव खाऊन आत येणार असाल तर तोंड धुऊन या. लसणाच्या वासाने उलटी झाल्याची उदाहरणं सिस्टर हसत हसत सांगतात.

"मला नाही जमत" असं ती म्हणाली तर?

जवळपास सगळ्या म्हणतात. आठ सेंटिमीटरच्या पुढे कळा दोन-तीन मिनिटांवर येतात, पाय थरथरतात, उलटी होते, आधी घाम मग थंडी वाजते, आणि जिचा हात तासभर हवा होता ती हात झिडकारते. यावर अर्धी घरं घाबरतात. खरं तर तोंड जवळजवळ उघडलंय, याची ही खूण असते आणि हा टप्पा सहसा लांबत नाही. पांघरूण द्या, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणा, एका वेळी एकाच कळेबद्दल बोला.

पण तिचं बोलणं उडवूनही लावू नये. आधी ठरवून ठेवावं: एक शब्द, साधा, जो उच्चारला की "मी नुसतं बोलत नाहीये, मला खरोखर औषध हवंय" असा अर्थ. तो शब्द आला की मिडवाइफला सांगा, तपासणी होऊ द्या, एखादी जागा किंवा उपाय बदलून तीन-चार कळा पाहा. तरीही ती तेच म्हणत असेल, तर हॉस्पिटलला हलवायचं. नकार द्यायचा अधिकार सोबत्याला नाही. आईलाही नाही, सासूलाही नाही, कोर्स केलेल्या नवऱ्याला तर मुळीच नाही.

दुखणं सोसण्यात कसलं आलंय मोठेपण?

काहीच नाही. एपिड्यूरल घेणारी बाई कमी आई होत नाही, आणि न घेणारीला पदक मिळत नाही. औषध न घेण्याचे फायदे व्यवहारी आहेत: हिंडता-फिरता येतं, जोर लावायची भावना पूर्ण कळते, ऑक्सिटोसिनचं सलाईन, लघवीची नळी, उपकरणाने बाळ ओढणं यांची गरज कमी पडते. एपिड्यूरलचा फायदाही तितकाच खरा: पंधरा तास न झोपलेली बाई दोन तास झोपते आणि मग बाळ खाली आणते. काही वेळा सीझर टळतं ते यामुळेच.

आणि काही बिनसलं तर?

पूर्वी घरीच बाळंत होत, हे खरं; तेव्हा बाळंतपणात बायका आजच्यापेक्षा कितीतरी जास्त दगावत, हेही खरं. म्हणून सेंटरची पारख तिथल्या भिंतींच्या रंगावरून करू नये. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ६४ हजारांहून अधिक कमी जोखमीच्या बायकांच्या अभ्यासात स्वतंत्र मिडवाइफ केंद्रांत जन्मलेल्या बाळांना हॉस्पिटलपेक्षा जास्त धोका आढळला नाही. पण पहिलटकरणींपैकी ३६ टक्क्यांना वाटेत हॉस्पिटलला हलवावं लागलं, आधी बाळंत झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. म्हणजे पहिल्या खेपेला तिघींमागे एक. आणि तिथे मिडवाइफ, अ‍ॅम्ब्युलन्स आणि हॉस्पिटल एकाच व्यवस्थेत बांधलेले असतात. आपल्याकडे ती साखळी प्रत्येक सेंटरला स्वतः जोडावी लागते, त्यामुळे ती तपासणं आपलं काम.

नाव घालण्याआधी थेट विचारा. महापालिकेच्या आरोग्य विभागाची नोंदणी कुठे लावलीय? हलवायचं झालं तर कुठल्या हॉस्पिटलला, तिथल्या कुठल्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, आणि रात्री दोन वाजता दारातून ऑपरेशन टेबलापर्यंत किती मिनिटं? गाडी कुणाची? बाळंत होताना खोलीत प्रशिक्षित माणसं किती, आणि त्यातलं एक फक्त बाळासाठी असतं का? बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि मास्क, ऑक्सिजन, वॉर्मर दाखवाल का? रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड, सलाईन आहे का, आणि ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये आहे का? ते उष्णतेने निकामी होतं, म्हणून शेवटचा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. बाळाचे ठोके किती वेळाने ऐकता? उत्तर असं हवं: भरात आल्यावर १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावताना पाच मिनिटांनी.

बहुतेक हलवाहलव घाईची नसते. प्रसूती थांबलेली असते किंवा औषध हवं असतं. घाईची कारणं सोबत्याला पाठ असावीत: लालभडक रक्त, कळ उतरल्यावरही न सुटणारं दुखणं, ताप, डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी, हिरवं पाणी, बाळाचे ठोके ११० च्या खाली किंवा १६० च्या वर राहणं. फाइल, रक्तगट, सोनोग्राफीचे रिपोर्ट एका पिशवीत, आणि ती पिशवी दाराशी.

जोर लावताना आणि नंतर

तोंड पूर्ण उघडलं तरी जोराची भावना लगेच येईलच असं नाही. दहा-वीस मिनिटं शांततेची जातात. तेवढ्यात तिला डुलकी लागली तर लागू द्या. "श्वास धरा, जोर, जोर!" असा गजर करायची गरज नसते, तिचं शरीर लावेल तसा जोर लावू द्यावा. पोट वरून दाबून बाळ खाली ढकलणं जागतिक आरोग्य संघटनेने नको म्हटलेलं आहे. कुणी तसं करू लागलं तर सोबत्याने तोंड उघडायची हीच वेळ. डोकं दिसू लागलं की उलट जोर थांबवून छोटे-छोटे श्वास घ्यायचे, म्हणजे कातडीला ताणायला वेळ मिळतो. गरम ओल्या कापडाचा शेक तिथे दिल्याने मोठी फाटाफूट कमी होते.

बाळ कोरडं करून थेट आईच्या छातीवर, वरून पांघरूण आणि टोपी. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची. आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटांचं इंजेक्शन घ्यावं, औषधाविनाचा कितीही आग्रह असला तरी. ते रक्तस्राव रोखण्यासाठी आहे. वार अर्ध्या तासात पडायला हवी, पण ती ओढून काढायची घाई करू नये. पहिल्या तासात बाळ स्तनाशी लागतं. तेव्हा फोटोसाठी खोलीत गर्दी करणाऱ्यांना अडवणं हे सोबत्याचं उरलेलं काम. बाळाला व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी मिळालं का, ते कागदावर पाहून घ्या. छोट्या जागेत लस "उद्या देऊ" म्हणून राहून जाते.

घरी आल्यावर तासाभरात मोठा पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गाठी पडल्या किंवा उठताना डोळ्यांपुढे काळोख आला, तर वाट न पाहता परत. बाळंतपणानंतर सहा तासांत लघवी झाली नाही तरी कळवायचं.

जन्माची नोंद २१ दिवसांत होते, आणि ती बाळ जिथे जन्मलं तिथल्या महापालिकेत. घर घणसोलीचं, सेंटर नवी मुंबईतलं, पण हलवाहलवीत बाळ ठाण्यात जन्मलं, तर दाखला ठाणे महापालिकेचा. कळवण्याचं काम हॉस्पिटलचं असतं. आईच्या नावाचं स्पेलिंग मात्र आधार कार्ड समोर धरून तुम्हीच तपासा, कारण ते दुरुस्त करायला पुढे फार चकरा पडतात.